नेटवर्क मार्केटिंगमध्ये नवीन माणूस का टिकत नाही? दोष माझा की पद्धतीचा?

अर्धी_वही

नमस्कार. आधीच सांगते, "हे सगळं फ्रॉड आहे" एवढं एकच वाक्य टाकून जाऊ नका, ते मी घरात रोज ऐकते. "पेशन्स ठेव" हेही नको, ते मीटिंगमध्ये रोज ऐकते.

मला नणंदेने जॉइन करून घेतलं. स्पॉन्सर आणि नणंद एकच, त्यामुळे कामातलं काही खटकलं तरी ते कामापुरतं राहत नाही. प्लॅन लेफ्ट-राईटचा आहे, म्हणजे माझ्या खाली डावी आणि उजवी अशा दोनच बाजू, आणि दोन्हीकडचे खरेदीचे पॉइंट जुळले तरच पैसे. सुरुवातीला ओळखीच्या सगळ्यांची यादी करायला लावली. नातेवाईक, शाळेतल्या मैत्रिणी, जुन्या ऑफिसातले, मुलाच्या वर्गातल्या आया, कोणालाही वगळायचं नाही. मग काय आहे ते न सांगता त्यांना भेटीला बोलवायचं. बोलणार अपलाईन (साखळीत माझ्या वरचे), मी शेजारी बसून मान डोलवायची. जवळची माणसं पहिल्या काही आठवड्यांतच संपली. दोघी जॉइन झाल्या, एक मामेबहीण आणि एक मैत्रीण. दोघींनीही पुढे काही घेतलं नाही. मैत्रीण तर आता फोन उचलला की आधी विचारते, "त्याबद्दल नाही ना?"

माझी लेफ्ट मात्र वाढतेय. वरच्यांनी लावलेली माणसं आहेत, मी त्यातल्या कोणाला ओळखतसुद्धा नाही. ॲपमध्ये रोज नवी नावं दिसतात, पॉइंटचा आकडा मोठा दिसतो, पैसे काही येत नाहीत. विचारलं की म्हणतात, "लेफ्ट तुला फुकट मिळतेय, राईट तू उभी कर." आणि महिनाअखेर आली की, "आयडी ॲक्टिव्ह ठेव, नाहीतर जमलेले पॉइंट जातील." मग मीच ऑर्डर टाकते. कपाटातला एक कप्पा त्या डब्यांनी भरलाय.

माझ्या आगेमागे आलेल्यांपैकी जवळजवळ कोणीच आता दिसत नाही. इतके सगळे आळशी असतील का? काही जणी माझ्यापेक्षा बोलक्या होत्या, ओळखीही दांडग्या होत्या. नवीन माणूसच नेमका का अडकतो, हे आतून पाहिलेल्या कोणी सांगेल का?

शिखर_नक्की

ताई, उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. "दोघी जॉइन झाल्या." दोघींवर थांबून कोणाचं साम्राज्य उभं राहिलंय? बिझनेस फेल होत नाही, माणूस फेल होतो. डॉक्टर व्हायला किती वर्षं लागतात ते बघा, आणि इथे लोकांना तीन महिन्यांत निकाल हवा असतो. शंभर 'नाही' ऐका, एकशे एकावा 'हो' म्हणेल. वरच्यांना जसंच्या तसं कॉपी करा, डुप्लिकेशन हाच मंत्र. आणि असल्या निगेटिव्ह चर्चांवर वेळ घालवू नका, एवढीच विनंती.

दारोदार

@शिखर_नक्की, मग तुम्ही इथे काय करताय?

पेआऊटवाला

ताई, मी आतून पाहिलंय, पण तुम्हाला वाटतंय त्या बाजूने नाही. मी कधी कोणाला प्लॅन दाखवला नाही, माझी स्वतःची आयडीही नव्हती. एका डायरेक्ट सेलिंग कंपनीत कमिशनचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या टीममध्ये मी बरीच वर्षं होतो. (नाव विचारू नका, सांगणार नाही.) पेआऊट रन करणं, म्हणजे कोणाला किती कमिशन जातं ते काढणं, हे माझं काम. स्टेजवर काय बोलतात ते मला ऐकीव माहीत आहे. स्टेजवरून उतरल्यावर कोणाच्या खात्यात काय जमा होतं, ते मात्र चांगलं माहीत आहे.

आधी एक हिशेब सांगतो. त्याला कंपनीचं नाव लागत नाही आणि प्लॅनचं पुस्तकही लागत नाही. सगळ्यात वरचा एक सोडला तर जाळ्यातल्या प्रत्येकाला कोणीतरी एकानेच आणलेलं असतं. बरोबर? मग एक लाख माणसांच्या जाळ्यात एकूण जॉइनिंग किती झाली असतील? 99,999. म्हणजे माणशी एकसुद्धा पूर्ण नाही. सगळे कामसू असोत की सगळे आळशी, बोलके असोत की मुखदुर्बळ, ही सरासरी हलत नाही. एखाद्याने दहा जण आणले असतील, तर त्या बदल्यात कुठेतरी नऊ जणांनी एकही आणलेला नसतो. "प्रत्येकाने फक्त दोघं आणायची" हे फळ्यावर सोपं दिसतं, कारण फळा जिथे संपतो तिथल्या ओळीखाली काय आहे ते कोणी काढून दाखवत नाही.

तुमच्या लेफ्ट-राईटमध्ये तर आणखी एक गंमत आहे. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला ती शिकवतात, आणि प्लॅन दाखवणाऱ्या लोकांपैकी कोणी ती बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. अशा झाडात ज्यांच्या दोन्ही बाजूंना माणूस लागलाय असे लोक, आणि ज्यांच्या खाली कोणीच नाही असे लोक, यांत पहिले नेहमी दुसऱ्यांपेक्षा बरोबर एकाने कमी असतात. नेहमी! झाड समतोल असो नाहीतर वेडंवाकडं. विश्वास नसेल तर कागद घ्या, वाट्टेल तसं काढा आणि मोजा. याचा अर्थ असा की पेअर (लेफ्टचा एक, राईटचा एक) जुळायची जी किमान अट आहे, ती पूर्ण करणारे लोक कोणत्याही क्षणी निम्म्यापर्यंतसुद्धा पोचत नाहीत. आणि ही नुसती किमान अट, तेवढ्यावर पोट भरत नाही. समजा झाड आदर्श आहे, दहा ओळी, एकही जागा रिकामी नाही. त्यात 1,023 माणसं बसतात. शेवटच्या ओळीत 512, त्यांच्या वरच्या ओळीत 256. म्हणजे 768 जणांकडे एकतर काहीच नाही, नाहीतर जेमतेम एक पेअर. चारातले तीन. आणि हे कोणीही कंटाळलेलं नाही, सगळ्यांनी सांगितलं ते सगळं केलं, असं झाड आहे. @शिखर_नक्की, "माणूस फेल होतो" हे यात कुठे बसतं ते दाखवा.

नवीन माणूस कायम शेवटच्या ओळीतच येतो, दुसरीकडे जागाच नसते. त्यामुळे "नवीन लोक का अपयशी होतात" याचं अर्धं उत्तर इथेच संपतं.

यावर कोणीतरी येऊन गुणाकार करून दाखवेल, की एकाने सहा, त्या सहांनी प्रत्येकी सहा, तेराव्या पायरीला तेरा अब्ज, पृथ्वीवर इतकी माणसंच नाहीत. गणित बरोबर आहे. पण खरं जाळं तिथवर जातच नाही, आणि मला वाटतं हा युक्तिवाद उलट लीडर लोकांच्या पथ्यावर पडतो. ते हसून म्हणतात, "बघा, अजून किती लोक बाकी आहेत!" माणसं संपत नाहीत याचं कारण माणसं गळत राहतात. नवे जेवढे येतात, साधारण तेवढेच निघून जातात. आमच्याकडे आयडींचे दोन आकडे असायचे. एक आजवरच्या एकूण आयडींचा, दुसरा त्या महिन्यात एकतरी ऑर्डर झालेल्या आयडींचा. पहिला बॅनरवर जायचा आणि कधीच कमी व्हायचा नाही, कारण गेलेल्यांची आयडी कोणी पुसत नाही. दुसरा फक्त आमच्या रिपोर्टात असायचा. तो कधी थोडा वर, कधी थोडा खाली, आकार साधारण तोच. आतली नावं तेवढी बदललेली. तुमच्याबरोबरचे लोक दिसेनासे झाले म्हणता ना, ते त्या पहिल्या आकड्यात अजून आहेत.

आता तुमची लेफ्ट. पेआऊट कमजोर बाजूवर निघतो. लेफ्टला 5,000 पॉइंट आणि राईटला 100 असतील तर जुळतात 100. उरलेले 4,900 पुढच्या खेपेला कॅरी होतात, पण तुमची आयडी ॲक्टिव्ह असेल तरच. नसेल तर फ्लश, म्हणजे शून्य. त्यावर कॅपिंग (कमाईची कमाल मर्यादा) असतं ते वेगळंच, पण तिथपर्यंत नवीन माणूस जातच नाही, म्हणून सोडून देतो. मुद्दा असा की ती लेफ्ट तुमची एकटीची नाही. वरच्यांनी माणसं एकाखाली एक अशी एकाच बाजूला लांबच लांब लावलेली असतात, आणि त्या रांगेतल्या प्रत्येकाला आपल्या खालची रांग "माझी लेफ्ट" म्हणून दिसते. तीच माणसं, तेच पॉइंट, शेकडो लोकांच्या ॲपवर. प्रत्येकाला वाटतं आपली एक बाजू तयार झाली, आता दुसरी उभी केली की झालं. ती दुसरी मात्र ज्याची त्याने, स्वतःच्या ओळखीतून उभी करायची असते, आणि ओळखी कधीच संपलेल्या असतात. ॲपची स्क्रीन ठरवताना आमच्याकडे जमलेले एकूण पॉइंट वर मोठ्या अक्षरात ठेवले होते. जुळलेले पॉइंट दुसऱ्या टॅबवर. हे चुकून झालेलं नव्हतं. मोठा आकडा दिसला की माणूस आणखी एक महिना थांबतो, आणि थांबायचं म्हणजे आयडी ॲक्टिव्ह ठेवायची, म्हणजे ऑर्डर टाकायची.

त्या ऑर्डरी मी पाहिल्यात. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण बाहेर कोणाला हे दिसत नाही. महिन्याचे पहिले वीस-बावीस दिवस सर्व्हर निवांत. शेवटच्या दोन दिवशी झुंबड, शेवटच्या रात्री तर आम्ही जागेच असायचो. आणि ऑर्डरींचे आकडे कसे? ॲक्टिव्ह राहायला समजा 100 पॉइंट लागत असतील, तर 100, 101, 100, 103, 100. रांगच्या रांग. अहो, खऱ्या गिऱ्हाइकाला 100 पॉइंटांशी काय देणंघेणं? त्याचा साबण महिन्याच्या नऊ तारखेलाही संपतो, त्याला एकच डबा हवा असतो, त्याची ऑर्डर 17 पॉइंटची होते नाहीतर 62 ची. तशा ऑर्डरी यायच्या, अगदीच नाहीत असं नाही. पण ढीग असायचा तो नेमक्या उंबरठ्यावर. डिलिव्हरीचा पत्ता ऑर्डर टाकणाऱ्याच्याच घरचा. तुमच्या कपाटातला तो कप्पा आमच्या रिपोर्टात "विक्री" म्हणून दिसायचा.

एका कंपनीवरून बोलतोय असं कोणी म्हणेल, म्हणून बाहेरचंही सांगतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी तिथली सरकारी संस्था) सप्टेंबर 2024 मध्ये 70 मल्टिलेव्हल, म्हणजे अशाच साखळीच्या, कंपन्यांची त्यांनी स्वतःच जाहीर केलेली उत्पन्नाची पत्रकं तपासून अहवाल काढला. बहुसंख्य लोकांना वर्षाला 1,000 डॉलर किंवा त्याहून कमी मिळाले, म्हणजे महिन्याला 84 डॉलरच्या आत. निदान 17 कंपन्यांमध्ये तर बहुतेकांना काहीच मिळालं नव्हतं. शिवाय बहुतेक पत्रकांत खर्च धरलेलाच नव्हता. स्वतःची खरेदी, प्रवास, सेमिनारचं तिकीट, काहीच नाही. काही ठिकाणी तर ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांना हिशेबातूनच वगळलेलं, मग सरासरी छान दिसणारच.

वाचकमात्र

जबरदस्त. म्हणजे 99 टक्के लोक बुडतात म्हणतात ते खरंच आहे तर.

पेआऊटवाला

तो आकडा इतक्या सहज फेकू नका. अमेरिकेतच 2018 मध्ये एएआरपी फाउंडेशन या ज्येष्ठांसाठीच्या संस्थेने अशा कंपन्यांत काम केलेल्या लोकांना विचारलं होतं. 47 टक्के म्हणाले तोटा झाला, 27 टक्के म्हणाले ना नफा ना तोटा, 25 टक्क्यांना थोडाफार फायदा झाला. लोकांनी स्वतः सांगितलेले आकडे आहेत, तेव्हा खर्च कोणी किती धरला कोण जाणे. पण 99 आणि 47 मध्ये फरक आहे. चुकीचा आकडा दिलात की समोरचा तेवढाच पकडतो आणि बाकी सगळं सोडून देतो.

दारोदार

मी या धंद्यात आहे आणि माझे पैसे सुटतात. फार नाही, पण सुटतात. त्यामुळे थोडं लिहिते.

मी डाउनलाईन, म्हणजे स्वतःच्या खाली माणसं, केलेलीच नाही. कॅटलॉगमध्ये शेकड्याने वस्तू आहेत, मी तीनच विकते. भांडी घासायचं लिक्विड, केसांचं तेल आणि एक पायांच्या भेगांचं मलम. तिन्ही मी स्वतः वापरते आणि तिन्ही संपतात. संपणं महत्त्वाचं. नवीन मुली येतात त्या आल्या आल्या सगळ्यात महागडं, सगळ्यात जास्त पॉइंटचं घेऊन फिरतात, कारण वरून तेच सांगितलेलं असतं. कोणाकडे तरी भिडेखातर एक खपतं. ते त्या बाईच्या घरी वर्षभर तसंच पडून राहतं आणि ती पुन्हा दार उघडत नाही.

माझ्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे बाटली कधी दिली ते लिहिलेलं असतं. साधारण संपत आली असेल त्या सुमाराला मी विचारते. एवढंच. यात प्रेरणादायी असं काही नाही, म्हणून मला स्टेजवर कोणी बोलवत नाही. माझी अपलाईन मला स्पष्ट म्हणाली होती, "तू सेल्सगर्लसारखं करतेस, लीडरसारखं विचार कर." तिच्या दृष्टीने तिचं बरोबर होतं. मी तेलाच्या दहा बाटल्या विकल्या तरी तिला त्यातलं फार थोडं मिळतं. मी चार बायका आणल्या असत्या, आणि त्यांनी सुरुवातीचं किट घेतलं असतं, तर बरंच मिळालं असतं. ट्रेनिंग कशाचं देतात ते बघा ना. यादी कशी करावी, बोलावणं कसं करावं, 'विचार करून सांगतो'ला काय उत्तर द्यावं. एखाद्या वस्तूत नेमकं काय आहे, कोणाला ती देऊ नये, दुकानातल्या तशाच वस्तूपेक्षा महाग का, हे मला कोणी शिकवलं नाही. गिऱ्हाईक मात्र पहिला प्रश्न तोच विचारतं.

अर्धी_वही ताई, तुम्ही लिहिलंय की काय आहे ते न सांगता माणसांना बोलवायचं. मैत्रीण तुमच्यावर चिडली असेल तर ती याच्यावर, वस्तूवर नाही. तिला सरळ तेलाची बाटली विकायला गेला असतात तर ती "नको गं" म्हणाली असती आणि विषय तिथेच संपला असता.

@पेआऊटवाला, तुमचं झाडाचं गणित मी कागदावर काढून बघितलं. मुलालाही बसवलं. एकाने कमीच येतात! दोघांनी मुद्दाम फसवायचा प्रयत्न केला, तरी तेच.

शिखर_नक्की

गणितं मांडून कोणी मोठं झालेलं नाही. आमच्या टीममध्ये गृहिणी आहेत, रिटायर्ड लोक आहेत, त्यांची आयुष्यं बदललीत. त्यांना भेटा, मग बोला.

पेआऊटवाला

असतील की. वरच्या ओळींत माणसं असतातच, मी त्यांचेच पेआऊट काढायचो. काही जण खरोखर फार कष्ट करायचे, त्यात शंका नाही. पण त्यांच्या कष्टाने झाडाचा आकार बदलत नाही, झाडातली त्यांची जागा बदलते. प्रश्न विचारणारी ताई सगळ्या झाडाबद्दल विचारतेय, आणि तुम्ही परत परत एकेका माणसाची गोष्ट सांगताय.

जाता जाता विचारतो, त्या आयुष्य बदललेल्या लोकांचं उत्पन्न वस्तूंच्या कमिशनमधून किती आणि सेमिनारची तिकिटं, पुस्तकं, रेकॉर्डिंग यांतून किती? काही गटांत वरच्यांची दुसरी कमाई चांगलीच मोठी असते, आणि ती कंपनीच्या पेआऊटमध्ये कुठेच दिसत नाही.

कलम_शोधक

थोडं कायद्याच्या अंगाने. महिनाअखेरच्या खरेदीचं जे वर लिहिलंय, ते काही नवं नाही. 1979 मध्ये अमेरिकेत ॲमवेचं प्रकरण फेडरल ट्रेड कमिशनपुढे निकाली निघालं. कंपनी पिरॅमिड (माल विकण्यापेक्षा नवी माणसं आणण्यावर पैसे देणारी योजना) नाही असं ठरलं, पण ते कशाच्या आधारावर? कंपनीचे तीन नियम होते. घेतलेल्या मालापैकी निदान 70 टक्के विकला गेला पाहिजे, महिन्याला दहा वेगवेगळ्या किरकोळ ग्राहकांना विक्री झाली पाहिजे, आणि सोडून जाणाऱ्याचा न विकलेला माल परत घेतला पाहिजे. तिन्हींचा रोख एकाच गोष्टीवर आहे, माल विक्रेत्याच्याच घरात साचू नये. (कमाईचे फुगवलेले दावे केल्याबद्दल त्याच निकालात कंपनीला चपराकही बसली. ते स्टेजवर सांगत नाहीत.)

पुढे 2016 मध्ये हर्बालाइफ या अशाच कंपनीने त्याच कमिशनशी 20 कोटी डॉलरची तडजोड केली आणि मोबदला खऱ्या, नोंद असलेल्या किरकोळ विक्रीशी जोडायचं मान्य केलं. 2017 च्या सुरुवातीला जवळजवळ साडेतीन लाख लोकांना धनादेश गेले. 2019 मध्ये ॲडव्होकेअर नावाच्या कंपनीने 15 कोटी डॉलर मोजले आणि मल्टिलेव्हल पद्धतच सोडली.

भारतात 1978 पासून मनी सर्क्युलेशन योजनांना (नवे सभासद आणले की पैसे, अशा योजनांना) बंदी आहे. 28 डिसेंबर 2021 ला थेट विक्रीचे नियम ग्राहक संरक्षण कायद्याखाली आले, त्यांत पिरॅमिड योजनेला स्पष्ट मनाई आहे आणि कूलिंग-ऑफ कालावधीचीही तरतूद आहे, म्हणजे ठरावीक मुदतीत दंड न भरता करारातून बाहेर पडता येतं. तुम्ही सही केलेला करार शोधून काढा, ताई. त्यात ही मुदत आणि माल परत घेण्याच्या अटी काय आहेत ते पाहा. बहुतेकांनी तो वाचलेलाच नसतो.

अर्धी_वही

सगळ्यांचे आभार. दारोदार ताई, मैत्रिणीबद्दलचं नेमकं लागलं.

करार सापडला. मोबाइलवर "मान्य आहे" दाबलं होतं तोच, त्याची फाईल मेलवर आली होती. माल परत घेतात, पण सील न फोडलेला, आणि खरेदीपासून ठरावीक दिवसांच्या आतला. म्हणजे कप्प्यातला थोडा जाईल, बाकीचा आम्हीच वापरायचा.

दारोदार ताईंसारखं दोन-तीन वस्तू धरून करावं का, हा विचार करतेय. आमच्याकडची पावडर खरंच बरी आहे. पण महिन्याचे पॉइंट पूर्ण केले नाहीत तर लेफ्टचे जमलेले सगळे जातील, आणि ते एवढे मोठे दिसतात की हात धजत नाही. अजून एक. नणंदेला हे सांगायचं कसं?

दारोदार

पावडर कोणी दुसऱ्यांदा मागितली का? तुम्ही न विचारता? मागितली असेल तर करा. नसेल तर तुम्हाला बरी वाटते एवढंच.

पेआऊटवाला

लेफ्टचं मी सांगतो. ते पॉइंट म्हणजे तुमचे थकलेले पैसे नाहीत. राईटला तेवढेच पॉइंट आले तर, आणि तरच, त्यांचे पैसे होतात. तुमच्या राईटला आजवर आलेली सगळी बेरीज बघा. तेवढंच तुमचं लेफ्टमधलं "जमलेलं", बाकी नुसता आकडा. तो राखायला दर महिन्याला तुम्ही किती भरता ते एका बाजूला लिहा आणि आजवर प्रत्यक्ष खात्यात किती आलं ते दुसऱ्या बाजूला. उत्तर मी सांगायची गरज पडणार नाही.

ठरलं की क्रम सांभाळा. आधी बॅक ऑफिसमध्ये (कंपनीच्या साइटवरच्या तुमच्या खात्यात) जाऊन ऑर्डरींची सगळी बिलं, पेआऊटची स्टेटमेंट आणि कापलेल्या टीडीएसचे तपशील उतरवून ठेवा. आयडी बंद झाल्यावर काही ठिकाणी लॉगिनही जातं, आणि मग आयकर रिटर्न भरताना धावाधाव होते. नंतर ऑटोशिप (दर महिन्याला आपोआप जाणारी ऑर्डर) चालू असेल तर ती बंद करा. लोक माल परत पाठवतात आणि हे विसरतात, मग महिनाअखेरीला नवा डबा दारात. त्यानंतर सील असलेला माल मुदतीत परत द्या, आणि विनंती मेलवरच करा. अपलाईनच्या तोंडी "मी सांगते वर" यावर राहू नका.

नणंदेचं म्हणाल तर तिला हे कळणारच आहे. माल परत आला की त्या खरेदीवर वरच्यांना दिलेलं कमिशन कंपनी सहसा त्यांच्या पुढच्या पेआऊटमधून वळतं करते. त्यांच्या स्टेटमेंटमध्ये वजा चिन्हासमोर तुमची आयडी दिसते. आमच्याकडे अशा ओळी गेल्या की दुसऱ्या दिवशी सपोर्टचे फोन वाजायचे, आणि फोन करणाऱ्याचा राग नेहमी पैशापेक्षा "मला आधी का नाही सांगितलं" याच्यावर असायचा. म्हणून पार्सल देण्याच्या आदल्या दिवशी तिला सांगा. आणि तिच्या घरचा कप्पा किती भरलाय तेही विचारा. तिने तुमच्या आधी जॉइन केलंय, तिचा जुना माल पडून असेल तर त्याची मुदत तुमच्या आधी संपतेय.